मातीचा गोळा, मिठाचा खडा, मग दगड

पंढरपूरला किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे शाळेच्या मैदानावर चक्कर मारली, तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली हमखास दिसतात. धावणे आणि गोळाफेक यांच्या गुणांवर त्यांचे पुढचे बरेच काही अवलंबून असते. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. त्यासाठी खांदे आणि मांड्या कमवायच्या म्हणून कोणी तालमीत जातो, कोणी जिममध्ये. अशात एखाद्याचा गुडघा मुरगळतो, खांदा उखडतो किंवा मनगटाचे हाड मोडते. दीड-दोन महिन्यांनी तो शाळेतल्या व्यायामशिक्षकांकडे येतो आणि विचारतो, "सर, आता पुन्हा वजन कधीपासून मारायचं?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. घरचे म्हणतात, पूर्ण बरे वाटेपर्यंत वजनाला हात लावू नकोस. जोडीदार म्हणतात, घाम निघाला की दुखणे आपोआप पळते, उचल पुन्हा तेवढेच. पहिल्या उत्तराने मुलाची मांडी वाळत जाते आणि भरतीचे वर्ष निघून जाते. दुसऱ्याने गुडघा पुन्हा जातो, आणि या वेळी कदाचित कायमचा. दोन्ही उत्तरे खूप जुनी आहेत. तिसरे उत्तरही जुनेच आहे, पण ते अर्धवट सापडले, मधेच हरवले, पुन्हा सापडले. त्याची हकिगत आम्ही या लेखात सांगणार आहोत.

तिसऱ्या उत्तराची एक फार जुनी नोंद सुश्रुतसंहितेत आहे. हा ग्रंथ एका माणसाने एका बैठकीत लिहिलेला नाही. काही शतकांत त्याच्यावर संस्कार होत गेले आणि आजचे रूप तयार झाले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली, डल्हणाच्या टीकेसह असलेली त्याची आवृत्ती छापली. तिच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांवर आहे. मोडलेला भाग सरळ करावा, त्याला बांबूसारख्या झाडांच्या सालींचा आधार देऊन बांधावे, थंडीच्या दिवसांत सात दिवसांनी, सौम्य ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी बदलावी, असा तपशील तिथे आहे. सांधा स्थिर व्हायला लहान वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असेही म्हटले आहे. आणि तळहाताचे हाड मोडलेल्या रुग्णाबद्दल पुढची सूचना येते. हाड बसवल्यावर त्याने आधी हातात मातीचा गोळा धरावा, नंतर सैंधव मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड.

हे वाचून क्षणभर थबकायला होते. माती दाबली की दबते. चिकट मातीचा गोळा धरणाऱ्या बोटांना जेवढा जोर लावता येईल तेवढाच तो विरोध करतो. मिठाचा खडा कठीण, पण हलका आणि बेताच्या आकाराचा. दगड कठीण आणि जड. म्हणजे इथे केवळ 'हळूहळू वाढवा' असा मोघम उपदेश नाही. आधी काय, मग काय आणि त्यानंतर काय हे ठरवून दिले आहे, आणि शेवटची पायरी चढण्यासाठी अटही घातली आहे: बळ आल्यावर. किती दिवसांनी, हे सांगितलेले नाही. हात तयार झाला की नाही, हे हातालाच विचारायचे आहे.

त्याच संहितेत व्यायामाविषयी आणखी एक नियम आहे. निरोगी माणसानेही आपल्या ताकदीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा. आणि निम्मी ताकद ओळखायची कशी? तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला, की तिथे निम्मे झाले असे समजावे. मोजायला साधन नसताना शरीराचीच एक खूण माप म्हणून वापरण्याची ही युक्ती आम्हाला फार आवडते.

असे काही वाचले की 'सगळे आपल्याकडे आधीपासून होतेच' असे म्हणून पुस्तक मिटण्याची आपल्याला सवय आहे. ते बरोबर नाही. सुश्रुतसंहितेत क्रम आहे, पण माप नाही. मातीच्या गोळ्यावरून खड्याकडे गेलेल्यांपैकी किती जणांचा हात पूर्ववत झाला आणि किती जणांचा नाही, याची नोंद नाही. शिवाय हा नियम तळहातापुरता सांगितला आहे. गुडघा, खांदा, कंबर यांच्यासाठी तो पुढे कोणी वाढवत नेला, असे दिसत नाही.

तालमींनी तो न्यायला हवा होता, कारण साहित्य सगळे तिथेच होते. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत प्रसिद्ध केला. त्यातली चित्रे चाळली तरी आपल्या व्यायामप्रकारांचा पसारा ध्यानात येतो. तालमीत नवख्या मुलाच्या हाती एकदम करेला देत नाहीत. आधी हलकी जोडी, मग जड जोडी, आणि मग करेला. दंड-बैठकांची संख्या रोज थोडी थोडी वाढवायची. वाढत्या भाराचे तत्त्व वस्तादांच्या अंगवळणी पडलेले होते. पण ते चढत्या मार्गासाठी होते. दुखापत झालेला पैलवान मालिश करून घ्यायचा, हाडवैद्याकडून लेप आणि पट्टी बांधून आणायचा, आणि पट्टी सुटली की पुन्हा आखाड्यात. पट्टी सुटण्याचा दिवस आणि कुस्तीचा दिवस यांच्यामध्ये कोणत्या पायऱ्या असाव्यात, याचे शास्त्र तालमीत तयार झाले नाही. वस्तादाचा डोळा चांगला असला तर पैलवान वाचायचा, नाहीतर त्याची कुस्ती सुटायची.

युरोपातही चित्र फार वेगळे नव्हते. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा वाद होता. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस म्हणायचे, दुखावलेल्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी. त्यांनी तयार केलेला पायाचा सापळा त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात वापरात आणला, आणि मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांच्या मृत्यूचे प्रमाण खूप घटले. तेव्हा विश्रांतीचा पक्ष मूर्खांचा नव्हता, हे आपण विसरू नये. पॅरिसचे ज्यूस्त लुका-शांपिओनिएर मात्र उलट सांगत. हालचाल हेच जीवन, मोडलेले हाडही शक्य तितक्या लवकर मालिश आणि हालचालीने जागे ठेवा. १८९२ मध्ये बर्लिनच्या ज्युलियस वोल्फ यांनी हाडांविषयीचा आपला नियम ग्रंथरूपाने मांडला: हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना घडत जाते. भार काढून घेतला तर हाड विरळ होते. हा नियम हालचालीच्या पक्षाला बळ देणारा होता. पण रुग्णालयात जिंकली ती विश्रांतीच. खाटेवर पडलेला रुग्ण सांभाळायला सोपा, हेही त्याचे एक कारण असावे.

तिथून आपण १९४४ मध्ये येऊ. स्थळ आहे शिकागोतले गार्डिनर जनरल हॉस्पिटल. दुसरे महायुद्ध चालू आहे आणि अमेरिकी लष्कराच्या या रुग्णालयातले अस्थिविभाग गुडघ्याच्या जखमींनी भरून गेले आहेत. शस्त्रक्रिया होते, जखम भरते, पण मांडी काडीसारखी झालेली असते आणि सैनिक महिनोन्‌महिने घरी जाऊ शकत नाही. व्यायाम दिला जात असे, पण तो बिनवजनाचा: सायकल फिरवायची, जिने चढायचे, पाय शेकडो वेळा हलवायचा. तिथे थॉमस डीलॉर्म नावाचा सत्तावीस वर्षांचा लष्करी डॉक्टर होता. लहानपणी संधिवाताच्या तापाने तो महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला होता. आयुष्यभर जड कामे टाळ, असा सल्ला त्याला मिळाला होता. तो न मानता त्याने वजने उचलूनच स्वतःचे शरीर परत उभे केले होते. त्यामुळे रुग्णालयात आल्यावर त्याला साधा प्रश्न पडला. निरोगी माणसाचा स्नायू जड वजनाने वाढतो, तर वाळलेला स्नायू हलक्या हालचालींनी का वाढावा?

त्याने रुग्णाच्या पायात लोखंडी तळाचा बूट अडकवला आणि त्याला वजने लावता येतील अशी सोय केली. रुग्णाने टेबलाच्या कडेवर बसायचे, पाय खाली सोडायचा, मग गुडघा सरळ करत वजन वर न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. इथपर्यंत हे तालमीतल्या व्यायामापेक्षा फार वेगळे नाही. वेगळेपण पुढे आहे. रुग्ण जास्तीत जास्त किती वजन नेमके दहा वेळा उचलू शकतो, अकराव्यांदा नाही, हे त्याने प्रत्येकासाठी शोधले. हेच त्या माणसाचे त्या दिवसाचे माप. आठवड्यातून एकदा ते पुन्हा काढायचे आणि पुढच्या आठवड्याचा व्यायाम त्यावरून ठरवायचा. शेजारच्या खाटेवरचा किती उचलतो, जखमेपूर्वी आपण किती उचलत होतो, याला अर्थ नाही. आज, हा पाय, दहा वेळा किती?

१९४५ मध्ये त्याने अस्थिशल्यचिकित्सेच्या एका नामांकित नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्यात एका बैठकीत दहा-दहाच्या सात ते दहा फेऱ्या सांगितल्या होत्या, म्हणजे सत्तर ते शंभर वेळा. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्याने स्वतःच हे बदलले. इतक्या फेऱ्यांची गरज नाही, तीन पुरेत. दहा वेळा उचलता येणाऱ्या वजनाच्या निम्म्याने पहिली फेरी, पाऊण वजनाने दुसरी आणि पूर्ण वजनाने तिसरी. माप १० किलो निघाले, तर ५, साडेसात आणि १० किलोच्या दहा-दहा वेळा. 'जड' या शब्दाने रुग्ण आणि डॉक्टर दोघेही घाबरत, म्हणून पद्धतीचे नावही बदलून 'वाढत्या विरोधाचा व्यायाम' असे केले. १९५१ मध्ये दोघांचे पुस्तक आले. आज जगातल्या कुठल्याही जिममध्ये 'दहाचे तीन सेट' म्हणतात, ते या लष्करी रुग्णालयातल्या गुडघ्यांवरून आलेले आहे, हे सेट मारणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

त्याच वर्षी ऑक्सफर्डहून झिनोव्हिएफ यांनी लिहिले की हा क्रम उलटा करावा. रुग्ण ताजातवाना असताना पूर्ण वजन द्यावे आणि तो थकत जाईल तसे वजन कमी करत न्यावे. दोन्ही पद्धतींनी रुग्ण सुधारत. यावरून आम्हाला असे दिसते की महत्त्व फेऱ्यांच्या क्रमापेक्षा मोजण्याला होते.

विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी त्या बुटातला खरा धडा आणखी वेगळा आहे. बुटात ५ किलो वजन लावले, तर गुडघ्यावर ५ किलोचा भार पडतो का? मुलांना विचारून पाहा, बहुतेक जण हो म्हणतील. गुडघा हा टेकू आहे. वजन त्यापासून साधारण ४० सेंटिमीटर दूर, घोट्यापाशी आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर वाटीखालच्या जाड बंधातून नडगीच्या हाडावर पोचतो, तो मात्र टेकूपासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर लागतो. पाय आडवा सरळ झाला असताना भारभुजा बलभुजेच्या दहापट असते. म्हणून ५ किलो धरून ठेवायला त्या बंधाला ५० किलोच्या वजनाइतका ताण सहन करावा लागतो. बरे, पायालाही स्वतःचे वजन आहे. गुडघ्याखालचा पाय शरीराच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के असतो. ६० किलोच्या मुलाचा तो साडेतीन किलोहून थोडा जास्त भरतो आणि त्याचा गुरुत्वमध्य गुडघ्यापासून सुमारे २५ सेंटिमीटरवर धरला, तर एकही वजन न लावता नुसता पाय सरळ धरण्यात त्या बंधावर २२ किलोच्या आसपास ताण येतो. 'मी काहीच उचलले नाही, तरी दुखले' म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो.

पाय खाली लोंबत असताना मात्र हेच वजन गुडघ्याला जवळजवळ फिरवत नाही, कारण त्याची रेषा टेकूतूनच जाते. आडव्या रेषेच्या ६० अंश खाली पाय असेल तर फिरवणारा जोर कमाल जोराच्या निम्मा, ३० अंश खाली असेल तर ८७ टक्के. म्हणजे वजन तेच ठेवून नुसता कोन बदलला तरी भार वाढवता किंवा कमी करता येतो. वजन गुडघ्याजवळ बांधले तरी कमी होतो. लोखंड बदलण्याआधी भूमिती बदलून पाहावी, हे ज्याला कळले त्याच्याजवळ मातीच्या गोळ्यापासून दगडापर्यंत पायऱ्याच पायऱ्या आहेत.

आणि पाय प्लास्टरमध्ये असेल तर? तेव्हाही सगळा व्यायाम बंद ठेवायचे कारण नाही. १८९४ मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चमत्कारिक वाटणारा प्रयोग केला. एकाच हाताला जोर लावायचा सराव दिला, तर दुसऱ्या, काहीही न केलेल्या हाताचीही ताकद वाढली. ताकद ही नुसती मांसात नसते, ती मज्जासंस्थेच्या आज्ञेतही असते. जखमी पाय बांधलेला असताना चांगल्या पायाला व्यायाम द्यावा, असे आज सांगितले जाते त्यामागे हा शंभराहून अधिक वर्षांचा प्रयोग आहे.

डीलॉर्मचे पुस्तक आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले होते. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात लागले आणि पुढच्या ऑलिंपिकआधी त्यांचा गुडघा जबर दुखावला. कुस्ती तिथेच संपली. त्या गुडघ्याला आत नेमके काय झाले होते आणि कोणत्याही व्यायामाने तो परत आला असता का, यावर अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण एवढे खरे, की बोस्टनच्या रुग्णालयात लोखंडी बूट वापरला जात होता तेव्हा आपल्या सर्वोत्तम मल्लाच्या भोवतालच्या जगात अशी पद्धत रुजलेली नव्हती. हे ज्ञान गुप्त नव्हते. ते छापलेले होते. वाचणाऱ्यापर्यंत पोचायचे राहिले होते.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचे. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहणे सुरू केले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पाण्यात शरीराचे वजन फारसे जाणवत नाही, आणि हात जितक्या जोरात मारावा तितका पाण्याचा विरोध वाढतो. हाताला जेवढे बळ, तेवढाच विरोध. मातीच्या गोळ्याचा गुण पाण्यातही आहे.

विश्रांतीचा पक्ष मात्र अजून हरला नव्हता. १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉ. गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे असे चार शब्दांचे सूत्र दिले. ते इतके सुटसुटीत होते की जगभरच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत गेले. आपल्या शाळांतल्या तक्त्यांवरही ते आहे. २०१४ मध्ये मिर्किन यांनीच जाहीरपणे लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे बरे होणे मदत होण्याऐवजी लांबू शकते. स्वतःचे गाजलेले सूत्र स्वतःच मागे घ्यायला मनाचा मोठेपणा लागतो. तक्ते मात्र अजून भिंतीवर आहेत.

दरम्यान १९९८ मध्ये स्वीडनच्या उमेओ येथील हाकान आल्फ्रेडसन यांचा एक निबंध आला. टाचेवरच्या जाड स्नायुरज्जूच्या जुनाट दुखण्याने हैराण झालेल्या १५ हौशी धावपटूंना त्यांनी १२ आठवडे एकच व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहायचे आणि टाच सावकाश खाली सोडायची. दिवसातून दोनदा, आणि दुखले तरी. दुखणे कमी झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. इथे वजन हे बरे झाल्यानंतरचे काम राहिले नाही, तेच औषध झाले.

पण औषध म्हटले की मात्रा आली, आणि सगळ्या ऊतींना एकच मात्रा चालत नाही. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तो काही आठवड्यांत ताकद धरतो. स्नायुरज्जू आणि अस्थिबंध यांना रक्त कमी, त्यांना महिने लागतात. धोका इथेच आहे. दुखापतीनंतर दोन-तीन महिन्यांत मुलाला वाटते की ताकद परत आली. ते खरेही असते, पण ती स्नायूची. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलले. पुढच्या प्रयत्नात, १३९ किलोला, त्याचा उजवा कोपर दुखावला. तिसरा प्रयत्नही त्याने केला, तो जमला नाही. एका किलोने सुवर्ण हुकले आणि रौप्य मिळाले. मांड्या, पाठ, खांदे यांत ताकद असूनही सांध्याच्या आतला एक पट्टा तो भार सोसत नाही, हे तेव्हा दूरचित्रवाणीवर सगळ्यांनी पाहिले.

गुडघ्याच्या आतला अस्थिबंध शस्त्रक्रियेने नवा बसवल्यावर खेळात कधी परतावे, यावर नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परतणे नवव्या महिन्यापर्यंत लांबवले, तर लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी होत गेले. दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या यांच्या ठरवलेल्या कसोट्या पार करून जे परतले, त्यांच्यापैकी ५.६ टक्के पुन्हा जखमी झाले. कसोट्या न पार करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के. कॅलेंडर बघायचे, आणि पायही बघायचा.

शिक्षक म्हणून आपण डॉक्टर नाही, ही मर्यादा पाळायलाच हवी. सांधा सुजलेला असेल, अडकत असेल, चालताना अचानक दगा देत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर तो मुलगा अस्थिरोगतज्ज्ञाकडेच जायला हवा. तज्ज्ञाने व्यायामाला हरकत नाही असे सांगितल्यावर मात्र "सुरू कर" आणि "जपून कर" एवढ्यावर त्याला सोडू नये. त्याला एक वही द्यावी. त्या वहीत आज या पायाने किती वजन दहा वेळा उचलले, चांगल्या पायाने किती, व्यायाम करताना किती दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखले, हे रोज लिहायचे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. व्यायाम करताना थोडे दुखून सकाळपर्यंत थांबले, तर मात्रा बरोबर आहे. सकाळी उठल्यावर सांधा सुजला किंवा कालच्यापेक्षा जास्त दुखला, तर मात्रा जास्त झाली. मग व्यायाम सोडायचा नाही, एक पायरी खाली उतरायचे. मांडीचा घेर वाटीच्या वर ठराविक अंतरावर शिंप्याच्या फितीने दर आठवड्याला मोजावा. घेर भरत आला की मुलाला जो धीर येतो तो उपदेशाने येत नाही.

पंढरपूरकरांसाठी आणखी एक सांगायचे. चंद्रभागेच्या वाळवंटात धावण्याची आपल्याकडच्या मुलांना हौस असते. धडधाकट पायांसाठी तो उत्तम व्यायाम आहे. पण नुकताच मुरगळलेला घोटा घेऊन तिथे जाऊ नये. वाळूत प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात रुतते, म्हणजे भार किती आणि कुठल्या बाजूने येणार हे आधी सांगता येत नाही. आणि ज्याचे माप घेता येत नाही तो भार परतीच्या पहिल्या महिन्यात नको. सपाट घाटावर चालावे, वाळवंट नंतर.

वर्गात हे दाखवायला लोखंडी बुटाची गरज नाही. अर्धा मीटर लांबीची लाकडी पट्टी घ्या. तिच्या एका टोकाशी छिद्र पाडून ती खिळ्यावर अशी टांगा की मोकळी फिरेल, हा गुडघा. खिळ्यापासून ४० सेंटिमीटरवर दोऱ्याने २०० ग्रॅमचे वजन बांधा. खिळ्यापासून ४ सेंटिमीटरवर ताणकाटा अडकवा आणि पट्टी आडवी होईपर्यंत ताणकाटा सरळ वर ओढा. मुलांना आधी आकडा ओळखायला सांगा आणि फळ्यावर लिहून घ्या. मग ताणकाटा वाचा. तो दोन किलोच्या थोडा वरच दिसेल, आणि तो 'थोडा वर' कुठून आला हे शोधायला पट्टीचे वजन करावे लागेल. नंतर तेच वजन खिळ्यापासून २० सेंटिमीटरवर सरकवा आणि पुन्हा वाचा.